सुझोऊचं रेशमी भरतकाम

हे मांजर पाहा. डोळ्यांत चमक आहे, कानाजवळची लव सुटी सुटी दिसते. हे रंगवलेलं नाही. रेशमानं भरलेलं आहे. आता चौकट फिरवूया. मागेही तेच मांजर, तितकंच रेखीव. कुठे गाठ नाही, लोंबता दोरा नाही.

चीनच्या ज्यांगसू प्रांतातलं सुझोऊ शहर आणि थाय सरोवराच्या काठची गावं या कामासाठी नावाजलेली आहेत. हुनान, सछ्वान आणि क्वांगतुंग इथल्या शैलीही तितक्याच प्रसिद्ध. मुंबईच्या पारशी घरांत जपलेल्या भरतकामाच्या ‘गारा’ साड्या आल्या, त्या क्वांगतुंगमधल्या कॅन्टनशी चालणाऱ्या व्यापारातून. सुझोऊचं नाव झालं ते नाजूकपणासाठी.

इथे भरायच्या आधी धागा फोडतात. रेशमाचा पीळ उलगडून पदर सुटे करायचे: निम्मा, पाव, सोळावा हिस्सा, सोनमाशाच्या पारदर्शक शेपटीसाठी त्याहूनही बारीक. दोन्ही बाजूंनी सारखं दिसणाऱ्या दुहेरी कामात सुई कापडातून सरळ उभी जाते. धाग्याचं टोक दोन-तीन इवल्या टाक्यांनी अडकवायचं आणि पुढच्या टाक्यांखाली झाकून टाकायचं.

पण एवढ्यावर मांजर जिवंत होत नाही. रेशमाच्या तंतूचा छेद साधारण त्रिकोणी असतो, त्यामुळे तो प्रकाश परतवतो. एकाच रंगाचा धागा एका दिशेनं घातला तर उजळ दिसतो, दिशा बदलली की गडद. या कलेचं मर्म मला इथे दिसतं. टाका कुठे वळवायचा, हे ज्या हाताला कळतं, तो थोड्या रंगांतही उजेड आणि सावली उभी करतो.

शन शौ यांना ते कळलं होतं. 1874 साली सुझोऊमध्ये जन्मलेल्या या बाईंनी 1904 मध्ये राजमाता त्सशी यांच्या सत्तरीसाठी भरतकाम केलं. मग दरबारानं त्यांना जपानला पाठवलं. तिथे पाश्चात्त्य चित्रकलेतला छायाप्रकाश त्यांनी पाहिला आणि तो सुईत उतरवला. त्यांनी भरलेलं इटलीच्या राणी एलेनाचं व्यक्तिचित्र 1911 साली तुरीनच्या प्रदर्शनात मांडलं गेलं.

पुढे नानथुंगमध्ये उद्योजक चांग च्येन यांनी काढलेल्या शाळेत त्या मुलींना शिकवू लागल्या. तब्येत ढासळली, तेव्हा त्या सांगत गेल्या आणि चांग च्येन लिहून घेत गेले. 1919 साली त्याचं पुस्तक निघालं. दोन वर्षांनी शन शौ गेल्या. त्यांचे 18 प्रकारचे टाके त्या पुस्तकात नोंदलेले आहेत.