थांब म्हटलं, आंब ऐकू आलं

नमस्कार श्रोतेहो.

सुरुवातीलाच एक काम सांगतो. पण आधी पूर्ण ऐकून घ्या, कारण कानात बोटं घातल्यावर रेडिओ ऐकू येणार नाही. दोन्ही कान बोटांनी घट्ट बंद करायचे आणि तोंड मिटून लांबलचक 'म्म्म' म्हणायचं. मग तसेच कान बंद ठेवून 'स्स्स' म्हणायचं. घरातलं कुणी बघून हसलं तर हसू द्या.

झालं? 'म' डोक्यात घुमला असेल, रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. 'स' मात्र कुठंतरी लांब, नुसता फुसफुसला. आजचं माझं सगळं बोलणं या दोन अक्षरांमधल्या फरकाबद्दलच आहे.

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. आमचा एक विद्यार्थी परभणीकडच्या एका खेड्यातला. सोयाबीनच्या राशीचे दिवस होते. हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, चालू असला की तोंडाशी पेंढ्या घालणाऱ्यानं कितीही बोंबललं तरी ट्रॅक्टरवर बसलेल्याला काही कळत नाही. हात वर करायचा, नाहीतर शिट्टी मारायची. हात पेंढीत गुंतलेला असताना तो वर कसा करणार? हे त्या पोराच्या मनात होतं. तो म्हणाला, सर, कानात बसणारा माइक करू, हवेतून ऐकणारा नको, हाडातून ऐकणारा करू.

कल्पना काही नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक गळ्याला पट्ट्यासारखा माइक बांधायचे, तो कातडीच्या थरथरीवर चालायचा. आपल्याकडचा मोटार दुरुस्त करणारा फिटर स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगला आणि मूठ कानाजवळच्या हाडाला लावतो, तेही तेच. बोलताना आपल्या स्वरतंतूंची थरथर जबड्यात, कवटीत आणि कानाच्या नळीच्या भिंतीत जाते. ही नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर, बाहेरचा भाग कूर्चेचा, आतला हाडाचा. कान उघडा असला की भिंतीतून उमटलेला जाड आवाज बाहेर निसटतो. बूच मारलं की तो आतच कोंडतो. श्रवणयंत्र लावणारी म्हातारी माणसं याच्यावरच कुरकुर करतात, 'माझाच आवाज मला हंड्यात बोलल्यासारखा येतो' म्हणून. त्यांच्यासाठी यंत्राच्या साच्याला बारीक भोक ठेवतात. आम्हाला नेमकं उलटं हवं होतं. भोक बुजवायचं आणि कोंडलेला आवाज पकडायचा.

पहिला प्रयत्न मात्र कानामागच्या हाडावर केला. बझरमध्ये असते ती पितळेची चकती घेतली, पीझो म्हणतात ती. दाबली की वीज देते. हा गुण 1880 साली फ्रान्समधल्या क्यूरी बंधूंनी दाखवला. चकती साध्या अँप्लिफायरला जोडली तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. दोन दिवस आम्ही चकतीला शिव्या दिल्या. चूक आमची होती. अशी चकती म्हणजे साधारण 20 नॅनोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे थोडीशी वीज साठवणारा भाग. समोर अँप्लिफायरचा 10 किलोओहमचा, म्हणजे कमी रोधाचा, भार लावला की सुमारे 800 हर्ट्‌झच्या खालचा, म्हणजे सेकंदाला त्याहून कमी वेळा थरथरणारा, सगळा जाड आवाज गळून जातो. आणि हाड जे आणतं ते बहुतेक त्याच्या खालीच असतं! म्हणजे विहिरीत बादली सोडायची आणि बादलीला तळच नाही. एक मेगाओहमचा रोध आणि एफईटी, म्हणजे चकतीवर भार न टाकणारा ट्रान्झिस्टर, लावला तेव्हा आवाज आला. सोबत विजेच्या तारांची 50 हर्ट्‌झची गुणगुणही आली, ती वायरीवर जाळीचं आवरण घातल्यावर दबली.

मग आणखी एक घोळ. ज्याच्या कानामागं चकती लावली त्याच्या गालात सुपारी होती. प्रत्येक चावण्याला दुसरा हडंबा सुरू झाल्यासारखं वाटे. त्यात वायर शर्टाला घासली की वेगळीच खरखर. यंत्र बनवणाऱ्यानं माणसाचा जबडा फक्त बोलायला हलतो असं धरून चालू नये, एवढं त्या दिवशी कळलं.

म्हणून फोमचं बूच घेतलं. त्यात बारीक माइक बसवला, तोंड कानाच्या पडद्याकडं. असं बूच एकाच वेळी दोन कामं करतं, बाहेरचा गोंगाट अडवतं आणि आतला आवाज कोंडतं. कारखान्यात आठ तासांच्या पाळीसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे. जालन्याच्या रोलिंग मिलसारख्या ठिकाणी कानात बूच घालायचंच, तर त्यातच माइक का नको? पण बूच सैल बसलं की दोन्हीकडून नुकसान, जाड आवाज निसटतो आणि गोंगाट आत शिरतो. एकाच माणसाचे दोन कानही सारखे नसतात. बरं, फार खोल घातलं तर बोलण्याचा घुमारा कमी होतो, कारण तो मुख्यतः बाहेरच्या कूर्चेच्या भिंतीतून येतो. किती खोल घालायचं हे आम्ही अजूनही अंदाजानंच ठरवतो.

आता त्या 'म' आणि 'स'कडं येऊ. शाळेत आपण कठोर आणि मृदू व्यंजनं पाठ केली होती. क, च, ट, त, प आणि त्यांचे जोडीदार ख, छ, ठ, थ, फ हे कठोर. पाणिनीनं त्यांची श, ष, स यांच्यासकट 'खर्' या एका नावात मोट बांधली. या अक्षरांना स्वरतंतू थरथरत नाहीत. थरथरच नाही तर हाडाला काय कळणार? शिवाय 'स'चा जोर 4000 हर्ट्‌झच्या वर, आणि कोंडलेल्या कानात 2000च्या पुढं फारसं काही पोचत नाही. व्याकरणाच्या पुस्तकातला तो तक्ता मला पोरांनी फळ्यावर पुन्हा लिहायला लावला आणि अर्ध्या अक्षरांवर फुली मारली. पाट, ताट, खाट हे तिन्ही शब्द जवळपास एकच. कठोर अक्षराची सावली शेजारच्या स्वरावर पडते, म्हणून माणूस अंदाजानं ओळखतो, पण हडंब्यापाशी अंदाज करत कोण बसणार?

महागड्या इअरबडमध्ये यावर उपाय असतो. जाड आवाज आतून घ्यायचा, बारीक आवाज बाहेरच्या माइकवरून, आणि दोन्ही सांधायचे. 2016 सालच्या ॲपलच्या एअरपॉड्समध्येही बोलण्याची थरथर ओळखणारा ॲक्सेलरोमीटर होता, पण तो माणूस बोलतोय की नाही एवढं कळायला. गोंगाट फारच असला तर बाहेरच्या माइकचा उपयोग उरत नाही. मग हरवलेली अक्षरं संगणकानं तर्कानं भरायची. तो तर्क इंग्रजीवर शिकलेला असेल तर आपल्या 'चमचा'तला च आणि 'चहा'तला च त्याला वेगळे कळतील, यावर मी पैज लावणार नाही.

आमच्याकडं तो संगणकही नव्हता. चाचणीला पोरगा हडंब्याशी उभा राहिला, मी ट्रॅक्टरवर, कानाला हेडफोन. तो ओरडला 'थांब!' मला ऐकू आलं 'आंब'. पुन्हा 'आंब'. ऑक्टोबरात आंबा कुठला, मी नुसता बघत राहिलो.

मग आम्ही यंत्र सोडून शब्दच बदलले. 'थांब' नको, 'बंद' म्हणायचं. ब, न, द सगळे मृदू. 'खाली'ऐवजी 'जमिनीवर'. 'मागं' आणि 'वर' आधीच बरे होते. पोरानं ते शब्द खडूनं ट्रॅक्टरच्या मडगार्डवर लिहिले. त्याच्या वडिलांनी ते वाचले, मान हलवली आणि बूच कानात घातलं. हडंबा सुरू झाला. थांबवायची वेळ आली तेव्हा त्यांना ना 'थांब' आठवलं ना 'बंद'. बैलाला म्हणायचे तसं 'होऽऽ, होऽऽ' केलं.

ते माझ्या कानात अगदी स्वच्छ आलं. मी ट्रॅक्टर बंद केला.

नमस्कार.