बोट कुणाच्या ताब्यात?

(मालवणात वेब प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मालवणात ‘बोट’ म्हटलं की माणसं जेटीकडे बघतात. म्हणून आधीच सांगतो, आज ती बोट नव्हे, ते बोट. पाचांतलं एक. ते काचेवर फिरतं तेव्हा वेबपानात काय घडतं, एवढंच बोलायचंय.

स्नॉर्केलिंगला नेण्याआधी पर्यटकांची संमतीपत्रावर सही घेतात. ओळखीच्या एका बोटवाल्यांना कागद नको होता, कारण कागद भिजतो. मी पान करून दिलं: वर मजकूर, खाली सहीचा चौकोन. घरी लॅपटॉपवर माउसने झकास चाललं. दुसऱ्या दिवशी जेटीवरून फोन. “अरे, सही करूक गेलंय की पान पळता!”

जाऊन बघतो तर आडवी रेघ नीट येत होती, उभी येतच नव्हती. ‘म’चा दांडा ओढायला बोट खाली नेलं की अख्खं पान बोटाबरोबर खाली. पान आणि बोट जोडीने सरकले, म्हणजे चौकोनाच्या हिशेबात बोट जागच्या जागीच. मग रेघ उमटणार कुठून? नुसता ठिपका!

चूक माझी होती. बोट सरकताना ब्राउझर ‘टचमूव्ह’ हा इव्हेंट, म्हणजे ‘बोट हललं’ अशी सूचना, पाठवत राहतो. त्यात ‘प्रिव्हेंटडिफॉल्ट’, म्हणजे ‘तुझं नेहमीचं काम करू नकोस’, म्हटलं की पान सरकत नाही, हे मला पाठ होतं. पण ती सूचना ऐकणारा कोड, म्हणजे लिसनर, मी लावला होता थेट डॉक्युमेंटवर, म्हणजे अख्ख्या पानावर. असा लिसनर असला की तुमचा कोड ‘नको’ म्हणेल की काय, याची वाट बघत ब्राउझरला स्क्रोल अडवून धरावं लागायचं आणि पान अडखळायचं. म्हणून 2017 साली क्रोमने 56व्या आवृत्तीत ठरवलं, की विंडो, डॉक्युमेंट आणि बॉडीवरचे टचस्टार्ट-टचमूव्हचे लिसनर आपोआप ‘पॅसिव्ह’ धरायचे. पॅसिव्ह म्हणजे ऐका, पण अडवू नका. माझं ‘नको’ कन्सोलात, म्हणजे ब्राउझरच्या चुका दाखवणाऱ्या खिडकीत, एक इशारा टाकून विरून जात होतं, आणि जेटीवर कन्सोल कोण उघडतो?

लिसनर चौकोनावरच लावून ‘पॅसिव्ह: फॉल्स’ लिहिलं असतं तरी भागलं असतं. मी मात्र सीएसएसची, म्हणजे पानाची मांडणी सांगणाऱ्या भाषेची, एक ओळ लिहिली, चौकोनाला ‘टच-अ‍ॅक्शन: नन’. इथलं बोट माझं, हे ब्राउझरला आधीच कळतं. आधीच, हे महत्त्वाचं. एकदा स्क्रोल सुरू झालं की टचमूव्ह अडवता येत नाही, आणि बोट टेकल्यावर टच-अ‍ॅक्शन बदललंत तर त्या स्पर्शापुरता उपयोग शून्य. पण चौकोन स्क्रीनभर पसरू नका. कडेला बोट ठेवून पान सरकवायला जागा नसेल तर माणूस तिथेच अडकतो.

आता रापण आठवा, किनाऱ्यावरून जाळं ओढायची मासेमारी. दोराचं एक टोक किनाऱ्यावर माणसांच्या हातात, होडी जाळं सोडत वळसा घेते. ती कितीही लांब गेली तरी पहिलं टोक किनाऱ्यावरच. टचमूव्ह तसंच आहे. बोट चौकोनाबाहेर गेलं तरी इव्हेंट येतात चौकोनालाच, जिथे बोट टेकलं तिथे. म्हणून सहीची शेपटी बाहेर गेली तरी सही तुटत नाही. उलट ओढून दुसऱ्या जागी टाकायचा खेळ करत असाल, तर बोटाखाली आत्ता काय आहे ते ‘एलिमेंटफ्रॉमपॉइंट’ला विचारावं लागतं.

यानंतर अंगठ्याने छळलं. फोन हातात धरला की त्या हाताचा अंगठा चौकोनाच्या कडेवर येतो. माझा कोड ‘टचेस’ या काचेवरच्या सगळ्या स्पर्शांच्या यादीतला पहिला स्पर्श घ्यायचा, आणि पहिला टेकलेला असायचा अंगठा. सही करणारं बोट फिरतंय, कोड अंगठ्याकडे बघत बसलाय! प्रत्येक स्पर्शाला स्वतःचा ‘आयडेंटिफायर’, म्हणजे ओळख क्रमांक, असतो. तो धरून ‘चेंज्डटचेस’मध्ये, म्हणजे आत्ता बदललेल्या स्पर्शांच्या यादीत, शोधायचं, अंगठ्याची रेघ वेगळी, बोटाची वेगळी. आणि कुणी उगाच कडेला टेकून राहिलाय, हलत नाहीये, त्याला सोडून द्यायचं.

सही अर्ध्यावर असताना फोन वाजला तर ‘टचएंड’ (बोट उचललं) ऐवजी ‘टचकॅन्सल’ (स्पर्श मध्येच रद्द) येऊ शकतो. तो न ऐकल्यामुळे आधीची रेघ उघडीच राहायची आणि पुढच्या स्पर्शाला आरपार तिरपी काट बसायची. एका बाईंच्या नावावर बसली होती. त्यांना वाटलं, अर्ज नामंजूर झाला.

नवं काम करणार असाल तर पॉइंटर इव्हेंट्स वापरा. बोट, माउस, पेन सगळ्यांना एकच ‘पॉइंटरमूव्ह’. आयफोनच्या सफारीतही 2019पासून आहे. फक्त पॉइंटर इव्हेंट्समध्ये प्रिव्हेंटडिफॉल्टने स्क्रोल थांबत नाही, कुठल्याही ब्राउझरात. ब्राउझरने बोट ताब्यात घेतलं की ‘पॉइंटरकॅन्सल’ येतो आणि पुढे शांतता. तेव्हा टच-अ‍ॅक्शनची ती ओळ हवीच.

राहिलं ओलं बोट. काच बोट ओळखते ती विजेच्या भारावरून, आणि खारं पाणी वीज वाहून नेतं. थेंब पडला की काच गोंधळते, नसलेलं बोट दाखवते, असलेलं हरवते. यावर मी दोन रात्री कोड लिहिला, मग पुसून टाकला. बोटवाल्यांनी टेबलाशेजारी खिळ्याला एक टॉवेल टांगला.