घासण्याआधी ओळखा : गोव्यातल्या गाडीवरचे हट्टी डाग

[दृश्य : फोंड्याजवळचं गाडी धुण्याचं ठिकाण. मे महिन्यातली सकाळ. रांगेत उभ्या गाड्या.]

गोव्यातली गाडी रात्री कुठे उभी असते, हे तिच्या अंगावरून ओळखता येतं. टपावर तांबूस धुळीचा थर असला, तर ती डिचोली, साखळी किंवा कुडचड्याकडची. काळी भुकटी असली तर वास्कोची. मुरगाव बंदरात कोळसा उतरतो आणि त्याची पूड वाऱ्यावर थेट घरांच्या खिडक्यांपर्यंत येते. काचेवर खारट, चिकट पापुद्रा असला तर मिरामार, कोलवा नाहीतर मोरजी. आणि बॉनेटवर वाळलेल्या चिकाचे काळपट ओघळ असले, तर गाडी कुणाच्या तरी कुळागरात, आंब्या-फणसाखाली मुक्कामाला असते.

हे सगळे डाग आपण एकाच फडक्याने काढायला जातो. गाडीचं खरं नुकसान तिथे होतं.

[दृश्य : कोरडं फडकं बॉनेटवर गोल फिरतंय. अगदी जवळून.]

रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे फार तर मिलिमीटरचा विसावा भाग. गाडीची चमक या थराची, आणि ऊनही हाच झेलतो. घासून गेलेला थर परत येत नाही.

खाणपट्ट्यातल्या त्या तांबड्या धुळीत लोहखनिजाचे आणि जांभ्याचे कण असतात. हेमेटाइटचा, म्हणजे त्या लोहखनिजाचा, कण या थरापेक्षा कितीतरी कठीण. कामाला निघण्याआधी कोरड्या कपड्याने गाडी पुसणारी माणसं मनापासून गाडीची काळजी घेत असतात, आणि तोच कण रोज रंगावर फिरवत असतात. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा चमकतात, त्या अशा पडतात. म्हणून धुळीला हात लावायचाच नाही. आधी टपापासून खाली भरपूर पाणी सोडायचं आणि धूळ वाहून जाऊ द्यायची. मग गाडीचा शॅम्पू, मऊ मायक्रोफायबर आणि दोन बादल्या : एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. नारळाच्या सोडणाला किंवा भांड्यांच्या घासणीला इथे अजिबात जागा नाही.

[दृश्य : फणसाचं झाड. खाली उभी पांढरी गाडी. टपावर चिकाचे थेंब.]

आता चीक. फणस चिरायला बसणारी बाई आधी काय करते? हाताला आणि विळीला खोबरेल लावते. फणसाचा चीक पाण्याला दाद देत नाही, तेलात मात्र सुटतो. पत्र्यावरही तो तसाच वागतो. डागावर खोबरेलाचे दोन थेंब टाकायचे, काही मिनिटं थांबायचं, चीक मऊ झाला की मायक्रोफायबरने अलगद उचलायचा आणि मग शॅम्पूने तेलाचा ओशटपणा घालवायचा. नखाने किंवा सुरीच्या टोकाने खरवडलं तर चिकाबरोबर रंगाचा थरही निघतो.

आंब्याचा चीक जास्त तिखट. त्याने माणसाची कातडी भाजते, तेव्हा तो पत्र्यावर आठवडाभर राहू देण्यात शहाणपण नाही. तेलाने सुटला नाही तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन तेवढ्याच जागी टेकवायचं आणि लगेच धुऊन टाकायचं.

झाडाखालच्या गाडीला दुसरा त्रास पाखरांचा. त्यांच्या विष्ठेत युरिक आम्ल असतं, आणि दाणे, बिया, वाळूही. मे महिन्यातल्या उन्हात पत्रा इतका तापतो की हात टेकवत नाही. तापलेला क्लिअर कोट मऊ पडतो, संध्याकाळी निवताना वाळलेल्या विष्ठेभोवती आवळतो, आणि तिथे कायमचा खळगा राहतो. म्हणून हा डाग रविवारच्या धुलाईपर्यंत ठेवू नये. ओलं फडकं त्यावर पाच-दहा मिनिटं ठेवून द्यावं, मग वरच्या वर उचलावं. चोर्ला घाटातून रात्री येताना बंपरवर चिकटलेल्या किड्यांनाही हाच उपाय. डांबराचे शिंतोडे रॉकेलने सुटतात. फक्त ते रबराच्या पट्ट्यांना लागू देऊ नये आणि मागाहून शॅम्पूने जागा धुवावी.

[दृश्य : बोअरच्या पाण्याने धुतलेली काळी गाडी. उन्हात उमटत जाणारे पांढरे ठिपके.]

हे डाग धुण्यातूनच येतात. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम असतं. उन्हात पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. ताजे ठिपके सौम्य आम्लाने विरघळतात : पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी. गोव्याच्या स्वयंपाकघरात माडाच्या सुरेचं व्हिनेगर असतं, आम्ल तेच. पण ते तपकिरी असतं आणि त्याचा अंश मागे राहतो, तेव्हा ते जेवणासाठीच ठेवावं. ठिपके जुने होऊन थरात रुतले असतील तर पॉलिशच करावं लागतं, आणि प्रत्येक पॉलिश त्या पातळ थरातून थोडं खाऊन जातं. धुलाई सावलीत करून गाडी तिथेच कोरडी पुसली, तर हा प्रसंगच येत नाही.

[दृश्य : पांढऱ्या दारावर नारिंगी टिंबं. त्यावर द्रव फवारला जातो. टिंबं जांभळी होऊन ओघळतात.]

पांढऱ्या गाडीवरची ही टिंबं पाहून लोकांना वाटतं, पत्रा गंजला. पत्रा शाबूत आहे. ब्रेकमधून किंवा रेल्वेच्या चाकांतून उडालेले लोखंडाचे तापलेले कण रंगात रुतलेत, आणि ते गंजताहेत. त्यांवर फवारायचं द्रव म्हणजे आयर्न रिमूव्हर. ते लोखंडाशी संयोग पावून जांभळं होतं. वास सडक्या अंड्यासारखा येतो. थंड पत्र्यावर मारायचं आणि वाळण्याआधी धुवायचं.

त्यानंतर प्लास्टिकची पातळ पिशवी हातात घालून पत्र्यावरून बोटं फिरवा. डोळ्यांना न दिसणारा खरखरीतपणा बोटांना कळतो. तो क्ले बारने, म्हणजे रुतलेले कण उचलणाऱ्या मऊ, मातीसारख्या गोळ्याने जातो, पण पत्रा शॅम्पूच्या पाण्याने सतत ओला हवा. क्लेचा गोळा जमिनीवर पडला तर टाकून द्या. त्याला चिकटलेली वाळू सगळ्या गाडीवर फिरेल.

[दृश्य : सावलीत वॅक्स लावणारे हात.]

एवढं झालं की उघड्या थराला वॅक्स हवं, आणि ते मृगाच्या आधी. पुढचे महिने वॅक्स झिजत राहतं. चवथीच्या सुमारास पत्र्यावर पाण्याचे थेंब गोळा होतात की पसरतात, ते बघा. पसरत असतील तर उघडीप मिळताच गाडी धुऊन, सुकवून वॅक्सचा आणखी एक हात द्या.