भिंतीतला कोमल गंधार

मंडळी, पत्रिकेत माझ्या विषयाचं नाव छापलंय, 'परदेशी इलेक्ट्रॉनिक वाद्ये व विद्युतदाब'. हे बारसं आयोजकांनी केलंय. त्या विषयावर मी बोलणार आहेच, शेवटी बोलेन. आधी एक सूर ऐकून घ्या.

जरा शांत बसा. कोपऱ्यातला तो ॲम्प्लिफायर नुसता चालू आहे, त्यात काही लावलेलं नाही. तरी घूंऽ असं ऐकू येतंय ना? भिंतीतली वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते. ट्रान्सफॉर्मरचं लोखंड दर हेलकाव्याला दोनदा थरथरतं, म्हणून हा सूर १०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांचा. हाच ट्रान्सफॉर्मर अमेरिकेत नेलात तर १२० वर घुमेल, कारण तिथली वीज ६० ची. आता गाणाऱ्यांनी हिशोब करावा. ५० ला सा धरला, तर ६० कुठे लागतो? 'सा'ला सहा-पंचमांशाने गुणलं की कोमल गंधार! तोही पेटीवरचा किंचित उतरलेला नाही, गुरूने कान धरून लावून घेतलेला. म्हणजे जगाच्या भिंतींत दोनच सूर भरलेत, कुठे सा, कुठे कोमल ग. आणि वाद्य मागवताना आपण सगळे विचारतो काय, तर "व्होल्ट किती?" सूर कोणता, हे कुणी विचारत नाही. माझं हे वेड घरच्यांना पाठ झालंय, म्हणून नवे श्रोते शोधत हिंडतो. (हशा)

हसू नका, यावर एक अख्खं वाद्य घसरलंय. लॉरेन्स हॅमंड हा मुळात घड्याळवाला. १९२८ मध्ये त्याने घड्याळांची कंपनी काढली. त्या घड्याळांतली मोटर विजेच्या हेलकाव्यांशी पाय जुळवून फिरायची. तीच युक्ती त्याने १९३५ साली ऑर्गनमध्ये घातली. आत दातेरी लोखंडी चाकांची रांग, ती फिरवणारी मोटर, आणि चाक जितक्या वेगाने फिरेल तितका उंच स्वर. विजेचा ठेका पक्का, म्हणून वाद्य कधी बेसूर होत नाही. किती सुंदर! फक्त ६० वाला ऑर्गन ५० च्या देशात नेऊ नका. मोटर मिनिटाला १२०० फेऱ्यांऐवजी १००० मारते, आणि तुम्ही सा दाबलात की मंद्रातला शुद्ध धैवत वाजतो. पट्टी न् पट्टी तेवढीच खाली. सूर चुकत नाही, वाद्यच मुक्काम बदलतं! हॅमंडचं घड्याळ नेलंत तर तासाला १० मिनिटं मागे पडेल. (आमच्या आयोजकांना तसलंच एक मिळालं असतं तर बरं होतं.)

आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून हा ऑर्गन वर येत नाही. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो. ५० आत गेले की ५०च बाहेर येतात.

जपानची गंमत तर आणखी. टोकियोने १८९५ च्या सुमारास जर्मनीहून जनित्रं आणली, ती ५० ची. ओसाकाने पाठोपाठ अमेरिकेहून आणली, ती ६० ची. ती भाऊबंदकी आजही मिटलेली नाही. पूर्वेला ५०, पश्चिमेला ६०, आणि व्होल्ट मात्र दोन्हीकडे १००. पण आपल्याला याचा फायदाच झाला. घरातच दोन सूर असल्यामुळे जपानी कारखान्याला दोन्हींवर चालेल असंच यंत्र करावं लागतं. मागच्या पाटीवर '५०/६०' दिसतं ते म्हणून. भीती बाळगावी ती फक्त '६०' लिहिलेल्या जुन्या यंत्राची. त्याच्या ट्रान्सफॉर्मरला बेताचं लोखंड दिलेलं असतं. ५० वर ते २० टक्के जास्त चुंबकत्व ओढतं आणि तापतं.

आता पाटीचा विषय निघालाच आहे, तर माझं दुखणं सांगतो. माझा पहिला सिंथेसायझर जपानी होता, जुना घेतलेला. ज्यांच्याकडून घेतला ते छातीठोकपणे म्हणाले, "काही नाही हो, फक्त पिन बदलायची." मी पिन बदलली. मागच्या पाटीवर कुणीतरी आपल्या नावाचं स्टिकर चिकटवलं होतं, ते मला छान वाटलं. बटण दाबलं. दिवे लागले, आणि काय लखलखून लागले! मी खूश. मग पोटातून एक घुमारा आला, आत भुंगा अडकल्यासारखा. मग वास. वाइंडिंगचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर गुंडाळलेल्या तारेचं, व्हार्निश जळताना येणारा तो गोडसर वास ज्याने एकदा घेतला तो जन्मात विसरत नाही. मी पिन ओढली तोवर आतून फट् झालं होतं. स्टिकर खरवडलं, तर खाली ठळक अक्षरांत १०० व्होल्ट. वर्षानुवर्षं तिथेच होतं बिचारं!

बरं, फ्यूज का उडाला नाही? उघडून बघितलं तर फ्यूजवर चांदीचा कागद गुंडाळलेला. आधीच्या मालकाचा पराक्रम. १०० च्या ट्रान्सफॉर्मरला आपल्या भिंतीतले २३० दिले की लोखंड चुंबकत्वाने भरून वाहतं, प्रायमरी, म्हणजे भिंतीकडची वाइंडिंग, वाटेल तेवढा करंट ओढते, आणि पलीकडे १६ व्होल्ट यायचे तिथे ३७ येतात. तिथला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारी डबी, फक्त २५ व्होल्ट सोसणारा. तो फट् त्याचा. वाइंडिंगवाल्याने तारा उलगडून नवी प्रायमरी भरून दिली, २३० ची. वाद्य आजही वाजतं, फक्त दोन पट्ट्या रुसलेल्या आहेत. पण "फक्त पिन बदलायची" म्हणणाऱ्या माणसावरचा राग अजून ताजा...

हो, दिसली चिठ्ठी. पाच मिनिटं. मग आता पत्रिकेतला विषय, पळत पळत.

ॲडॉप्टरवर १००–२४० लिहिलेलं असेल तर तुमचं काम खरोखरच पिनेवर भागतं. नसेल तर स्टेप-डाउन घ्या, वाद्याला लागतात त्याच्या दुप्पट व्हीएचा (व्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले ॲम्पिअर). तो ११० किंवा १२० चा नको, १०० च्या वाद्याला १०० चाच घ्या. का? आत ९ चे ५ व्होल्ट करणारा रेग्युलेटर असेल, तर तो वरचे ४ उष्णता करून टाकतो. १२० दिलेत की ९ चे १०.८ होतात, टाकायचे ५.८. व्होल्ट २० टक्के वाढले, उष्णता ४५ टक्के. लगेच जळणार नाही, पण वेळेआधी मरेल.

ऑटोट्रान्सफॉर्मर, म्हणजे आत-बाहेर दोन्हींसाठी एकच वाइंडिंग असलेला, हलका असतो, पण त्याची सामाईक तार तुटली तर २३० सरळ वाद्यात शिरतात. दोन वेगळ्या वाइंडिंगचा घ्या, जड असला तरी. केस वाळवण्याच्या यंत्रासाठी मिळणारा चिमुकला कन्व्हर्टर वाद्याला कधीही लावू नका. तो विजेची लाट नुसती चिरतो, तिचं शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जाऊ शकतं.

ॲडॉप्टर बदलताना व्होल्ट, एसी की डीसी, आणि मधल्या टोकाला अधिक की उणे, तिन्ही बघा. गिटारच्या पेडलना बहुधा मध्ये उणे लागतं आणि घरात पडलेल्या ॲडॉप्टरना मध्ये अधिक असतं. ॲम्पिअर जास्त असले तर बिघडत नाही, कमी नकोत. मागे व्होल्टचा स्विच असेल तर तो फिरवल्यावर फ्यूजही बदला. १२० वरून २३० ला गेलात की निम्म्या ॲम्पिअरचा.

बास, उठतो. ज्यांनी वाद्यं सोबत आणलीत त्यांनी ती पुढे आणून पालथी घाला, आपण पाट्या वाचू. पिन तेवढी अजून कुणी लावू नका.