उष्णता म्हणून सोडून दिलेलं

सोलापूरचा एप्रिल. पारा चाळिशीपार. अक्कलकोट रोडला यंत्रमागांचा खडखडाट चालूच आहे. अशा दिवसांत अंगाला खाज सुटली तर "उष्णता झालीय" म्हणायचं आणि मेडिकलमधून एक ट्यूब आणायची, हे घरोघरी चालतं.

बहुतेकदा ती उष्णताच असते. पण दोन्ही हातापायांवर खाजरे, बारीक फोड महिनोन्‌महिने उठतायत, खाजवून काळे डाग पडलेत आणि कुठलंच मलम लागू पडत नाही? मग एचआयव्हीसाठी रक्त तपासायला हवं. एचआयव्ही बराच पुढे गेला, की साधा डास चावला तरी अंगावर असं पुरळ उठू शकतं.

तसंच नागिणीचं. तिचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, ही भीती अजून कितीतरी घरांत आहे. खरं तर तो कांजिण्यांचाच विषाणू. मज्जातंतूत वर्षानुवर्षं दडून बसतो आणि प्रतिकारशक्ती खचली की उफाळतो. नागीण झालेल्या प्रत्येकाला एचआयव्ही असतो असं मुळीच नाही. पण ऐन तिशीत ती उठली, तर लेपावर थांबू नका. फोड आल्यापासून 72 तासांत गोळ्या सुरू झालेल्या बऱ्या, आणि एचआयव्हीची तपासणीही तेव्हाच करून घ्यावी.

रक्तातल्या सीडी-फोर पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, घनमिलिमीटरमागे 200 च्या खाली आल्या, की एचआयव्हीचा आजार गंभीर टप्प्यात गेला. तोंडात पांढरा थर साचतो. चेहऱ्यावर मधे खळगा असलेले फोड येतात. त्यांच्या जोडीला ताप आणि डोकेदुखी असेल, तर बुरशीचा संसर्ग मेंदूपर्यंत पोचलेला असू शकतो. तिथे एक दिवसही घालवू नये.

एवढं सगळं दिसत असूनही माणसं येत नाहीत, ती लोक काय म्हणतील म्हणून. विड्या वळणाऱ्या बाईच्या हातावरचे डाग शेजारीण आधी बघते. त्या डागांना हात लावून एचआयव्ही होत नाही, हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

आपल्या सिव्हिलमध्ये तपासणी आणि एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणाऱ्या गोळ्या मोफत मिळतात. निकाल गुप्त ठेवणं 2017 च्या कायद्याने बंधनकारक आहे. गोळ्या नियमित घेतल्या, की काही महिन्यांत खाज ओसरू लागते. मात्र सुरुवातीच्या आठवड्यांत प्रतिकारशक्ती जागी होताना त्वचा उलट जास्त बिघडू शकते. घाबरून मनाने गोळ्या सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि पुरळासोबत ताप आला, तोंड सोलवटलं किंवा डोळे लाल झाले, तर त्याच दिवशी सिव्हिल गाठा.