पाण्याला किती वेळ द्यायचा?

मंडळी, वाहत्या पाण्याचा फोटो काढताना शटर किती वेळ उघडं ठेवायचं, यावर बोलायला सुरुवात करण्याआधी ही निगेटिव्ह तुमच्यात फिरवते. कडेला धरा, मध्ये बोट लागू देऊ नका, आणि दिव्यासमोर धरून पाहा. ४ बाय ५ इंचांची आहे, म्हणजे ३५ मिलिमीटरच्या एका फ्रेमच्या जवळपास चौदापट. निगेटिव्ह असल्याने यात काळा कातळ फिकट दिसेल आणि फेस काळाकुट्ट. उजव्या कोपऱ्यात एक खळगा आहे. त्याच्या तळाशी तीन गोटे मोजता येतात. भिंग लावलंत तर त्यातल्या एकावरची भेगही दिसेल.

ही जागा निघोजची. पारनेर तालुका, कुकडी नदी, पलीकडच्या काठाला शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी. तुमच्यातले बरेच जण रांजणखळगे पाहून आलेले असतील. पुराबरोबर आलेले गोटे कातळातल्या खोलगट जागी अडकतात, भोवऱ्यात गरगर फिरतात आणि बेसॉल्ट घासत घासत खाली उतरतात. गोटा झिजून संपतो, पुढच्या पुरात दुसरा येतो. नदीने हे घडवलंय, हे आपण सहज बोलून जातो. तिथे कॅमेरा मांडून बसलं की कळतं, समोरचं पाणी हेच ते हत्यार आहे.

पहिल्या वर्षी मी तिथे फिल्मच्या बारा शीट्स वापरल्या, एका फोटोला एक. कातळ अप्रतिम आला, अगदी खळग्यांच्या आतली झिलईसुद्धा. पाणी मात्र सगळीकडे कापसासारखं. काठावर शेळ्या घेऊन येणाऱ्या एका आजींना मी त्यातला एक प्रिंट दाखवला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "पोरी, पानी कुठनं आलं आन् कुठं चाललं, ह्यात कळंना की."

त्या एका वाक्यावर मी पुढची सगळी वर्षं काम केलं. घरी येऊन वहीतल्या नोंदी काढल्या. नदीपात्रात ऊन उतरायच्या आधीची वेळ. फिल्म इलफर्डची एफपी४ प्लस, १२५ आयएसओ (हा आकडा जितका मोठा, तितकी फिल्म उजेडाला संवेदनशील). त्या उजेडात एफ २२ ला मीटर १ सेकंद शटर उघडं ठेवायला सांगत होता. एफचा आकडा लेन्सच्या छिद्राचा: आकडा मोठा, तितकं छिद्र लहान आणि रेखीवपणा जास्त खोलवर. पण जवळच्या खळग्यापासून पलीकडच्या काठापर्यंत सगळं रेखीव हवं म्हणून मी एफ ४५ वर गेले होते: ४ सेकंद. वर उजेड अडवणारा नारिंगी फिल्टर: १६ सेकंद. आणि इतक्या लांब एक्स्पोजरला, म्हणजे शटर इतका वेळ उघडं राहिलं की, फिल्मची संवेदनशीलता मंदावते, त्याला रिसिप्रॉसिटीचा दोष म्हणतात. त्याची भरपाई धरून सुमारे ३३ सेकंद. नारिंगी फिल्टर आकाश गडद करायला लावतात. माझ्या चौकटीत आकाश नव्हतंच!

म्हणजे ते पाणी तसं दिसावं, असं मी ठरवलंच नव्हतं. गणिताने शटर ३३ सेकंद उघडं राहिलं, आणि तेवढ्या वेळात वाहिलेलं पाणी एकमेकांत मिसळून कापूस झालं होतं.

जुन्या फोटोग्राफरांची गोष्ट वेगळी. कार्लटन वॉटकिन्स १८६७ साली कोलंबिया नदीवर १८ बाय २२ इंचांच्या काचेच्या निगेटिव्ह घेऊन गेला. त्याआधी १८६६ मध्ये सॅम्युअल बोर्न गंगोत्रीच्या हिमनदीपर्यंत पोचला. ओल्या कोलोडियनच्या, म्हणजे उजेड टिपणाऱ्या ओल्या लेपाच्या, त्या काचांचा वेग इतका कमी, की वाहतं पाणी गुळगुळीत व्हायचंच. त्यांच्या हाती दुसरा पर्याय नव्हता. आपल्या हाती आहे, आणि तरी आज नदीचे इतके फोटो दुधासारखे का दिसतात, याचा मला मनापासून त्रास होतो. एवढ्या मोठ्या निगेटिव्हवर दगडाचा कण न् कण बोलतो आणि त्याच्या शेजारी नदीला मुकं करून ठेवायचं?

मग काय बदललं, ते सांगते. फिल्टर पिशवीतच राहिला. फिल्म एचपी५ प्लस घेतली, ४०० आयएसओची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लेन्स किंचित पुढे झुकवायला शिकले. हा कॅमेरा म्हणजे पुढे लेन्स, मागे काच आणि मध्ये भाता. लेन्स झुकवली की रेखीवपणाचा पट्टा उभा न राहता कातळाच्या पृष्ठभागावर आडवा पसरतो. थिओडोर शाइम्पफ्लुग या ऑस्ट्रियन माणसाच्या नावाने हा नियम ओळखला जातो. डोक्यावर काळं कापड घेऊन काचेवरच्या उलट्या चित्रात हे जुळवायला मला वीस-वीस मिनिटं लागायची. खोल खळग्यांचे तळ त्या पट्ट्याच्या खाली राहतात, त्यामुळे छिद्र फार मोठं ठेवून चालत नाही. पण एफ २२ पुरतं. आता वेळ येते जेमतेम ०.३ सेकंद. शटरवर पाव सेकंदाची खूण आहे, तीच लावते.

३३ सेकंद आणि पाव सेकंद. जागा तीच, पहाट तीच.

पाव सेकंदात पाणी गोठत नाही, पण विरघळतही नाही. त्याचे धागे राहतात. कातळाला वळसा घालताना ते धागे कुठे एकवटतात, कुठे सुटतात, हे दिसतं. प्रवाह मंद असेल तर अर्धा सेकंदही चालतो. उन्हाळ्यात धार बारीक झाली की मी तेवढाच देते. याला सूत्र नाही, काठावर बसून पाण्याकडे पाहावं लागतं. फेसाचा एखादा ठिपका धरायचा आणि तो किती वेळात किती सरकतो, ते नजरेने मोजायचं.

एक्स्पोजरचं थोडक्यात. ओल्या बेसॉल्टवर स्पॉट मीटर (एका लहानशा जागेचा उजेड मोजणारा) रोखायचा आणि तो सांगेल त्यापेक्षा दोन स्टॉप कमी द्यायचे (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), नाहीतर काळा कातळ राखाडी होतो. सावलीत फेस कातळाहून चार-पाच स्टॉपच वर असतो, तो फिल्मवर आरामात मावतो. ऊन आलं की हे गणित मोडतं. मी तेव्हा कॅमेरा आवरते.

एक फोटो मात्र अजून माझ्याकडे नाही. खळगे खरे कोरले जातात ते पुरात, गोटे फिरतात तेव्हा. त्या वेळी पात्रात उतरता येत नाही, उजेड कमी असतो आणि भात्यावर पाऊस पडून चालत नाही. गेल्या पावसाळ्यात मी दोनदा काठावर जाऊन उभी राहिले. पाणी गढूळ, खळगे सगळे बुडालेले. कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. येत्या ऑगस्टमध्ये दूरचं जवळ आणणारी ३०० मिलिमीटरची लेन्स घेऊन पुन्हा जाणार आहे, वरच्या काठावरून पाहणार आहे.

ती निगेटिव्ह कुठपर्यंत आली? मागच्या रांगेत गेली का?