वाचन शिकवायला कायदा कशाला लागतो? मिसिसिपीने 2013 मध्ये नेमकं काय केलं

[हातात दोन पातळ पुस्तिका]

नमस्कार मंडळी. या दोन पुस्तिका मी घरीच बनवल्यात, पण अमेरिकेतल्या केजीच्या वर्गात अशाच धाटणीच्या पुस्तिका मुलांच्या दप्तरात असतात.

ही पहिली. हत्तीचं मोठं चित्र, खाली एक ओळ: ‘आय सी ॲन एलिफंट.’ पान उलटलं की जिराफ: ‘आय सी अ जिराफ.’ तिसऱ्या पानावर माकड. पाच वर्षांचं मूल हे धडाधड वाचतं. आजी-आजोबा खूश, व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर. आता मी हत्तीवर असा अंगठा ठेवते. [चित्र झाकते] वाच आता. नाही येत. कारण ते मूल ओळ वाचतच नव्हतं, चित्र बघून बोलत होतं.

ही दुसरी. ‘सॅम हॅड अ हॅट. द हॅट इज रेड.’ चित्र जेमतेम, गोष्ट महारटाळ. पण अक्षराला आवाज जोडल्याशिवाय इथे एकही शब्द हाती लागत नाही.

या दोन पुस्तिकांपैकी मुलाच्या हातात कुठली द्यायची, ती शिकवणाऱ्या बाईंना काय यायला हवं, आणि हे ठरवणार कोण? यावर 2013 पासून अमेरिकेतल्या चाळीसच्या आसपास राज्यांनी कायदे केलेत. विधानसभेत बसून, मतदान घेऊन. आजचा व्हिडिओ त्यावर आहे, आणि मुख्यतः मिसिसिपीवर, कारण बाकी बरेचजण त्यांचंच बघून पुढे आलेत.

आधी भांडण समजून घेऊ. 1967 मध्ये केनेथ गुडमन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने मांडलं की वाचन म्हणजे अंदाज बांधण्याचा खेळ आहे. माणूस प्रत्येक अक्षर बघत नाही, संदर्भावरून शब्द ओळखतो. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांचं कामही याच वळणाचं, आणि त्यांचा मागे पडलेल्या मुलांसाठीचा कार्यक्रम अमेरिकेत भरपूर पसरला. त्यातून वर्गात जे रुळलं त्याला म्हणतात थ्री क्युइंग. मूल शब्दाला अडलं की बाई विचारणार: चित्रात काय दिसतंय? इथे कुठला शब्द अर्थाला जुळेल? वाक्य कानाला बरं लागतंय का? आणि अक्षरं? पहिलं अक्षर बघ, पुरे. पानावर लिहिलंय ‘हॉर्स’ आणि मुलाने वाचलं ‘पोनी’, तर बऱ्याच वर्गांत ते चालून जायचं. अर्थ तर बिघडला नाही ना!

चौथीत चित्रं संपतात. विज्ञानाच्या पुस्तकात ‘फोटोसिंथेसिस’ येतं, आणि त्याचा अंदाज बांधता येत नाही.

आपल्याला हा सगळा वाद थोडा विचित्र वाटतो. आपण क-का-कि-की करत बाराखडी घोकली; ‘कमळ’च्या जागी ‘फूल’ वाचलं असतं तर बाईंनी कान धरला असता. पण इंग्रजीची लिपी आपल्यासारखी सरळ नाही. अक्षरं 26, आवाज चाळीसहून जास्त. दो, थ्रू आणि टफ या तिन्ही शब्दांच्या शेपटीला तीच चार अक्षरं: ओ, यू, जी, एच. मग शिकवणाऱ्याला वाटतं, नियम शिकवण्यापेक्षा मुलाला पुस्तकांत सोडून द्यावं, आपोआप येईल. काही मुलांना येतंही. सगळ्यांना येत नाही, हे संसदेच्या सांगण्यावरून नेमलेल्या नॅशनल रीडिंग पॅनेलने 2000 साली शेकडो अभ्यास चाळून लिहून ठेवलं. आवाजांची जाण, फोनिक्स (म्हणजे अक्षराला आवाज जोडणं), अस्खलितपणा, शब्दसंपत्ती आणि आकलन, या पाचही गोष्टी लागतात आणि फोनिक्स पद्धतशीर क्रमाने शिकवावं लागतं. अहवाल आला, कपाटात गेला. शिक्षक घडवणारी बरीच कॉलेजं जुनंच शिकवत राहिली.

मग कायदाच का? कारण तिथे शाळेची पुस्तकं बहुतेक ठिकाणी स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या शाळांचं मंडळ, निवडतं. वॉशिंग्टनला त्यात नाक खुपसता येत नाही. राज्याच्या हातात मात्र दोन गोष्टी असतात, शिक्षकाचं लायसन्स आणि पैसा. कायदा या दोन्हींना हात घालतो.

आता मिसिसिपी. देशातलं सगळ्यात गरीब राज्य म्हणून ज्याचं नाव नेहमी निघतं, ते. शाळांच्या क्रमवारीत इतकं खाली की शेजारची राज्यं म्हणायची, चला, निदान मिसिसिपी आपल्या खाली आहे. 2013 मध्ये एनएईपी या राष्ट्रीय चाचणीत चौथीच्या वाचनात त्यांचे 209 गुण होते आणि नंबर 49 वा.

पण गोष्ट 2013 ला सुरू होत नाही, आणि हे बहुतेक बातम्यांत सुटतं. 2000 साली जिम बार्क्सडेल यांनी, ते नेटस्केप ब्राउझरवाले, वाचनासाठी आपल्या या राज्याला 10 कोटी डॉलर दिले. त्यांच्या संस्थेने शाळांत काम केलं, आणि मग एक शहाणपणाची गोष्ट केली: शिक्षक जिथे तयार होतात त्या कॉलेजांत जाऊन बघितलं. वाचन कसं शिकवायचं हे तिथे नीट शिकवलंच जात नव्हतं. म्हणजे वर्गातल्या बाईंना बोल लावून उपयोग नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. या तयारीवर 2013 चा कायदा उभा राहिला. नाव लिटरसी-बेस्ड प्रमोशन ॲक्ट, सही गव्हर्नर फिल ब्रायंट यांची. त्याच वर्षी कॅरी राइट शिक्षणखात्याच्या प्रमुख म्हणून आल्या आणि 2022 पर्यंत टिकल्या. नऊ वर्षं एकच माणूस खुर्चीत! आपल्याकडच्या बदल्यांच्या हिशेबात ही खरी बातमी आहे.

कायद्यातलं गाजलेलं कलम तुम्हाला माहीत असेल: तिसरीच्या शेवटी वाचनाची परीक्षा, नापास तर चौथीत नाही. फेरपरीक्षेच्या संधी आहेत, सवलती आहेत. इंग्रजी शिकायला लागून दोन वर्षंही न झालेल्या मुलाला, किंवा अपंगत्वामुळे वेगळी योजना असलेल्या मुलांपैकी काहींना सूट मिळते. तरी कलम कडकच. आठ-नऊ वर्षांच्या पोराला नापासाचा शिक्का, हे माझ्या पोटात गोळा आणतं, खरं सांगते.

आणि सगळी चर्चा तिथेच अडकते. मला वाटतं कायद्याचं बळ दुसरीकडे आहे. राज्याने केजी ते तिसरीच्या शिक्षकांना लेटर्स नावाचं प्रशिक्षण दिलं. हे एका दिवसाचं, समोसा-चहा आणि सर्टिफिकेटवालं नव्हे. दोन वर्षं चालणारं, शंभराहून जास्त तासांचं. भाषेतले आवाज कसे तयार होतात, मुलाच्या डोक्यात अक्षर आणि आवाज कसे जोडले जातात, मूल अडलं तर नेमकं कुठे अडलं हे कसं ओळखायचं. अनेक शिक्षकांना हे संध्याकाळी, घरचं सगळं आटपून करावं लागलं आणि त्याबद्दल कुरकुरही भरपूर झाली. रास्त आहे.

दुसरं, लिटरसी कोच. सगळ्यात मागे असलेल्या शाळा निवडल्या आणि तिथे कोच पाठवले. हे कोच राज्याच्या खात्याने स्वतः पारखून नेमले. ज्याला दुसरं काम नाही त्याला पाठवा, असं केलं नाही. कोच तपासणीला येत नाही. तो वर्गात बसतो, बाईंचा धडा बघतो, कधी स्वतः उभा राहून शिकवून दाखवतो, मग दोघं बसून बोलतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा. आपल्याकडे केंद्रप्रमुखाकडून कागदावर हेच अपेक्षित आहे, हे शिक्षक मंडळींना माहीत आहे. प्रत्यक्षात माहिती भरा, माहिती पाठवा यातच बिचाऱ्यांचा दिवस जातो.

तिसरं, लायसन्स. 2016 पासून प्राथमिकच्या नव्या शिक्षकाला वाचनशास्त्राची वेगळी परीक्षा पास व्हावीच लागते. त्यामुळे कॉलेजांना अभ्यासक्रम बदलणं भाग पडलं. आणि चौथं म्हणजे पालकांना कळवणं: मूल मागे आहे हे लेखी सांगा, काय करणार तेही सांगा.

यावर खर्च वर्षाला साधारण दीड कोटी डॉलर. एका राज्यासाठी ही किरकोळ रक्कम आहे.

2019 मध्ये चौथीचे गुण 219 झाले, राष्ट्रीय सरासरीच्या बरोबरीला. 2024 मध्येही 219, आणि आता नंबर नववा, कारण कोविडनंतर बाकीची राज्यं घसरली.

आता शंका. तुमच्यातले आकडेवारीवाले आधीच कमेंट लिहायला लागले असतील: कच्च्या मुलांना तिसरीतच थांबवलं, तर चौथीची सरासरी वाढणारच की! मुद्दा बरोबर आहे आणि संख्याशास्त्रज्ञांनी तो जोरात मांडलाय. त्यावर दुसरी बाजू म्हणते की मिसिसिपीत मुलांना मागे ठेवणं कायद्याच्या आधीही चालायचंच, आणि थांबवलेली मुलं वर्षभराने त्याच चौथीत येऊन परीक्षेला बसतातच. बॉस्टन विद्यापीठातल्या अभ्यासकांना 2023 मध्ये असं दिसलं की थांबवलेल्या मुलांचे सहावीतले भाषेचे गुण चांगले आहेत. माझं मत विचाराल तर दहा गुणांची सगळी वाढ ही हातचलाखी नाही, पण ‘चमत्कार’ हा शब्दही मी वापरणार नाही. आठवीचे गुण बघा, तिथे एवढी उडी दिसत नाही. अक्षरं वाचता आली म्हणजे उतारा कळला असं होत नाही. त्याला शब्द लागतात, जगाची माहिती लागते, आणि ते काही एका कोचच्या हातचं नाही.

आता नक्कल करणाऱ्यांकडे. 2022 मध्ये एमिली हॅनफर्ड या पत्रकार बाईंच्या, शाळांत वाचन कसं चुकीचं शिकवलं जातं यावरच्या पॉडकास्टने घराघरात खळबळ उडवली, पालक शाळेत जाऊन जाब विचारायला लागले, आणि आमदारांना विषय मिळाला. ओहायोने 2023 च्या अर्थसंकल्पातच थ्री क्युइंगवर बंदी घातली. पण सोबत 16.8 कोटी डॉलर ठेवले: पुस्तकांना, शिक्षकांच्या प्रशिक्षण भत्त्याला, कोचना. त्यावर कोर्टात केसही झाली, की अर्थसंकल्पाच्या विधेयकात शिकवण्याची पद्धत कशी काय घुसवता? गंमत म्हणजे त्याच वर्षी ओहायोने तिसरीत सक्तीने थांबवणं सैल केलं आणि पालकांना त्यात मत दिलं. लुइझियानाने 2021 मध्ये प्रशिक्षणाचा कायदा केला; 2024 मध्ये चौथीच्या वाचनात 2019 च्या पुढे गेलेलं ते एकमेव राज्य.

कॅलिफोर्निया बराच काळ अडून बसलं. 2024 चं विधेयक शिक्षक संघटना आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी काम करणाऱ्या गटांच्या विरोधात अडकलं. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलाला ‘सॅम हॅड अ हॅट’ वाचता आलं पण ‘हॅट’ म्हणजे काय तेच माहीत नसेल तर? या आक्षेपात दम आहे, तो नुसता राजकारणाचा नाही. 2025 मध्ये तडजोड होऊन कायदा आला: प्रशिक्षणाची सक्ती नाही, मान्यताप्राप्त साहित्य आणि प्रशिक्षणाची यादी आहे, आणि 20 कोटी डॉलर आहेत.

या यादीबद्दल मात्र सावध. यादी आली की प्रकाशक आले. जुन्याच पुस्तकाला ‘सायन्स ऑफ रीडिंग’चा, म्हणजे वाचनशास्त्राचा, स्टिकर चिकटवला की विक्री चालू. पुस्तकं विकत घेणं सोपं असतं, फोटो काढता येतो. कोचचा पगार दरवर्षी द्यावा लागतो. म्हणून तुमच्या राज्याने कायदा केला असेल तर बंदीचं कलम मागाहून वाचा. आधी पैसे कुठल्या माणसांवर खर्च होणार ते शोधा.

एडिसन, जर्सी सिटीच्या मंडळींसाठी: न्यू जर्सीत 2024 मध्ये गव्हर्नर मर्फी यांनी सही केलेल्या कायद्याने केजी ते तिसरीच्या मुलांची वर्षातून निदान दोनदा वाचन-चाचणी होते आणि निकाल पालकांना कळवावा लागतो. तो कागद दप्तरात चुरगळून पडलेला असतो, काढून वाचा. डॅलस-ह्यूस्टनवाल्यांनो, टेक्ससमध्ये 2019 च्या कायद्यापासून केजी ते तिसरीच्या शिक्षकांना रीडिंग अकॅडमी, म्हणजे वाचन शिकवण्याचं प्रशिक्षण, करावी लागते. शाळेत पालकसभेला गेलात की गुण विचारण्याआधी एवढंच विचारा: माझं मूल शब्दाला अडलं तर तुम्ही त्याला काय करायला सांगता? ‘चित्र बघ’ असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न विचारायला हरकत नाही, पण प्रेमाने. त्या बाईंनाही त्यांच्या कॉलेजने तेच शिकवलेलं असू शकतं.

आणि शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत मूल बाराखडी शिकत असेल तर ती बंद करू नका. ‘दोन लिप्यांत गोंधळेल’ ही भीती घालणारे बरेच भेटतील. अक्षराला आवाज असतो ही गोष्ट देवनागरीत लवकर उमगते, आणि ती इंग्रजी वाचतानाही कामाला येते.

पुढच्या भागात विस्कॉन्सिनचं प्रकरण घेते. तिथे 2023 मध्ये कायदा झाला, पण 5 कोटी डॉलर कुणी सोडायचे यावर गव्हर्नर आणि विधिमंडळ थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात भांडले. तोवर खाली तुमचं राज्य आणि मुलाची इयत्ता लिहा, आणि शाळेतून घरी येणाऱ्या पुस्तिकेतली एखादी ओळही. पहिल्या प्रकारची की दुसऱ्या, ते बघू.